एका आवाजाचे समालोचन

'समालोचन' हा शब्द आपल्या भाषेत दोन घरी नांदतो. वाङ्मयीन मासिकात तो ग्रंथपरीक्षणाच्या शेजारी गंभीरपणे बसलेला असतो; आकाशवाणीवर मात्र तोच मैदानाच्या कडेला उभा राहून चेंडूमागे धावत असतो. या दुसऱ्या समालोचनाला आपण 'धावते' असे विशेषण लावतो, आणि त्या विशेषणात आपला थोडासा तुच्छभाव दडलेला असतो. जे धावते ते टिकणार कसे, असा आम्हा लिहिणाऱ्यांचा हिशेब!

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी हा हिशेब मोठ्या आत्मविश्वासाने मांडला होता. धावते समालोचन म्हणजे नुसती नावे आणि थोडा आरडाओरडा, त्याचा वाङ्मयाशी काही संबंध नाही, असे मी म्हणालो आणि सभागृहात हशा पिकला. माझे थोरले बंधू पहिल्या रांगेत होते. ते हसले नाहीत. शिक्षकी पेशातला हा माणूस तीस वर्षे आमच्या गावच्या कबड्डीच्या सामन्यांचे समालोचन कर्ण्यावरून करीत आला होता. घरी परतताना दादा एवढेच म्हणाले, "नावं नीट घेता येणं सोपं नसतं रे."

ते विधान आज मला मागे घ्यायचे आहे. दादांच्या भिडेखातर नव्हे. भिडेखातर मत बदलणारा समीक्षक काय कामाचा? मला ते मागे घ्यावे लागत आहे एका परदेशी माणसामुळे, आणि तेही आपल्याकडे फारशा न खेळल्या जाणाऱ्या एका खेळातील अर्ध्या मिनिटाच्या आतल्या बोलण्यामुळे. त्या माणसाचे नाव क्लिफ मॉर्गन. खेळ रग्बी.

रग्बी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मुंबईत आझाद मैदानालगत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्याच्या चिखलात हा खेळ चालतो, आणि जाणारेयेणारे कुंपणापाशी क्षणभर थबकून 'हे भांडण आहे की खेळ?' अशा मुद्रेने पाहतात. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ सालापासून ज्या करंडकासाठी झुंजतात, तो 'कलकत्ता कप' तर आपल्याच चांदीच्या रुपयांचा बनलेला. कलकत्त्यातील गोऱ्यांचा क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतले शिल्लक रुपये काढून ते वितळविण्यात आले आणि त्यांचा हा कप झाला. नियमांच्या जंजाळात मी वाचकांना नेत नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुरे : या खेळात पुढे जायचे असते, पण हाताने चेंडू पुढे देता येत नाही, तो मागेच द्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक खेळाडू आपल्या मागून येणाऱ्यावर विश्वास टाकून धावत असतो. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविला की 'ट्राय' झाली.

मॉर्गनचा जन्म १९३० सालचा. साउथ वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यातल्या ट्रेबॅनॉग या गावचा. कोळशाच्या खाणी, उतारावर एकमेकांना चिकटून बांधलेली घरे, प्रार्थनामंदिर, समूहगान आणि रग्बी हे त्या खोऱ्याचे पंचप्राण. बाप खाणकामगार. शाळेतून निघालेला हा पोर १९४९ साली थेट कार्डिफ क्लबात आला आणि १९५१ साली आयर्लंडविरुद्ध वेल्सकडून पहिला सामना खेळला. त्याची जागा 'फ्लाय-हाफ'ची. स्क्रमच्या ढकलाढकलीतून निसटलेला चेंडू स्क्रम-हाफ मागे फेकतो तो याच्याकडे, आणि पुढे काय करायचे याचा निर्णय एका श्वासात याने घ्यायचा. लाथाडायचा, द्यायचा, की स्वतः घुसायचे? बैठकीच्या गाण्यात समेवर येण्याच्या आधीच्या मात्रेत गवयाची जी अवस्था असते, ती या माणसाची साऱ्या सामनाभर असते.

त्याच्या कर्तृत्वाचा ताळेबंद थोडक्यात असा. १९५२ साली वेल्सने चारी प्रतिस्पर्ध्यांना हरविले त्या संघात तो होता. १९५३ च्या नोव्हेंबरात कार्डिफ क्लबाने न्यूझीलंडला ८-३ असे, आणि त्याच डिसेंबरात वेल्सने १३-८ असे नमविले. दोन्ही सामन्यांत मॉर्गन होता. वेल्सला त्यानंतर न्यूझीलंडवर आजतागायत एकही विजय मिळालेला नाही, एवढे सांगितले म्हणजे त्या दिवसाचे मोल कळेल. १९५६ साली त्याच्याच नेतृत्वाखाली वेल्सने पंचराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. वेल्सकडून एकोणतीस सामने खेळून १९५८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो थांबला.

त्याच्या खेळाचा कळस मात्र १९५५ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात. ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त 'लायन्स' संघाचा तो फ्लाय-हाफ होता आणि गानप्रमुखही. सहकाऱ्यांना गाणी शिकविणे, त्यांच्याकडून ती सुरात म्हणवून घेणे हे काम त्याच्याकडे. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर पहिली कसोटी झाली. लायन्सचा एक गडी जायबंदी होऊन बाहेर गेला. त्या काळी बदली खेळाडू मिळत नसे. चौदा जणांनिशी खेळताना मध्यंतरानंतर लगेचच मॉर्गन बासी व्हान वाइक या नामांकित प्रतिस्पर्ध्याला बगल देऊन निसटला आणि त्याने ट्राय केली. सामना २३-२२ असा एका गुणाने जिंकला गेला. प्रिटोरियाच्या तिसऱ्या कसोटीत तर कर्णधारपदच त्याच्याकडे आले, तोही सामना लायन्सने जिंकला, आणि मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'अद्भुत मॉर्गन' म्हटले.

या 'अद्भुत' विशेषणापाशी क्षणभर थांबणे मला आवश्यक वाटते. ते विशेषण देणाऱ्या देशात तेव्हा वर्णद्वेषी राजवट होती. काळा माणूस मैदानात कुठे बसेल हे कायदा ठरवीत होता, आणि दक्षिण आफ्रिकेच्या संघात पहिला गौरेतर खेळाडू येण्यास १९८१ साल उजाडावे लागले. ज्यांच्याविरुद्ध मॉर्गन चमकला ते त्या देशाचे सर्वोत्तम पंधरा होते असे म्हणवत नाही; सर्वोत्तम पंधरा गोरे होते, इतकेच. मॉर्गनचे गुण यामुळे उणावत नाहीत. पण कीर्तीचे माप घेताना तराजू कुणाच्या हातात होता हे समीक्षकाने विसरू नये.

तो काळ रग्बीच्या हौशी खेळाचा. एक छदामही न घेता खेळायचे आणि पोटासाठी दुसरे काही करायचे, हा १९९५ पर्यंतचा दंडक. पोटासाठी मॉर्गनने आवाज निवडला. १९५८ साली तो वेल्समध्ये बी.बी.सी.च्या क्रीडाविभागात दाखल झाला. पुढे स्वतंत्र दूरदर्शनवरील 'धिस वीक' या राजकीय घडामोडींच्या कार्यक्रमाचे त्याने संपादन केले, बी.बी.सी.च्या 'ग्रँडस्टँड'मध्ये काम केले आणि १९७० पासून 'अ क्वेश्चन ऑफ स्पोर्ट' या प्रश्नमंजूषेत एका संघाचा नायक म्हणून तो घरोघरी पोचला. खेळाडू निवृत्त झाला की त्याला ध्वनिक्षेपकासमोर बसवायचे, ही रीत आपल्यालाही नवी नाही. विजय मर्चंट विविधभारतीवरून क्रिकेटविषयी बोलत. रणजी करंडकाचे सामने खेळलेल्या बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटला मराठी बोलायला शिकविले. पण खेळता येणे आणि सांगता येणे या दोन भिन्न विद्या आहेत. खेळाडूच्या अंगात ज्ञान असते ते हातापायांत. ते जिभेवर यायचे तर मधे बरेच काही गळून पडते. मॉर्गनच्या बाबतीत फार थोडे गळले.

त्याचे प्रमाण म्हणजे २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर झालेला 'बार्बेरियन्स' विरुद्ध न्यूझीलंड हा सामना. समालोचन करावयाचे होते बिल मक्लॅरन या नाणावलेल्या स्कॉटिश समालोचकाने. तो आजारी पडला आणि ऐन वेळी मॉर्गन त्या खुर्चीत बसला. सामन्याला पाच मिनिटेही झाली नव्हती. न्यूझीलंडच्या ब्रायन विल्यम्सने लांबवर मारलेला चेंडू बार्बेरियन्सच्या गोलखांबांजवळ फिल बेनेटच्या हाती आला. अशा वेळी चेंडू सीमेबाहेर लाथाडून मोकळे व्हायचे, हे शहाणपण. बेनेटने तसे केले नाही. अंगावर आलेल्यांना त्याने एकामागून एक हुलकावणी दिली, आणि मग चेंडू हातोहात निघाला : जे. पी. आर. विल्यम्स, पुलिन, डॉज, टॉम डेव्हिड, क्विनेल, आणि शेवटी गॅरेथ एडवर्ड्स, ज्याने डाव्या कडेने धाव घेऊन कोपऱ्यात झेप टाकली. सात माणसांचे हात, जवळजवळ साऱ्या मैदानाची लांबी, अर्ध्या मिनिटाच्या आत.

माझ्या भाच्याने ही चित्रफीत मला प्रथम दाखविली, तेव्हा मॉर्गनविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. म्हणून पहिल्या श्रवणातला माझा अभिप्राय निखळ आहे, असे मी समजतो. मी थक्क झालो तो पुढील कारणाने. मॉर्गन त्या अर्ध्या मिनिटात जवळजवळ काहीच सांगत नाही. तो नावे घेतो. बेनेटच्या हुलकावणीला एक उत्स्फूर्त 'वाहवा' आणि ती अपुरी वाटून लगेच दुसरी, डॉजने दाखविलेल्या हूलपट्टीला दोन शब्द, मध्यरेषा आली याची नोंद, बाकी नावे. दूरचित्रवाणीवर चित्र डोळ्यांपुढे असते. तेव्हा जे दिसते तेच पुन्हा सांगणारा समालोचक म्हणजे कवितेखाली तिचा गद्य अर्थ लिहून देणारा मास्तर. आकाशवाणीवर समालोचकाला चित्र काढावे लागते, दूरचित्रवाणीवर त्याला चित्राच्या वाटेतून दूर व्हावे लागते. हे पथ्य आजही शेकडा नव्वद समालोचकांना साधत नाही.

मग नुसती नावेच घ्यायची तर त्यात कला कोणती? कला आहे ती क्रमात, कालात आणि स्वरात. चेंडू हाती पडण्याच्या क्षणी नाव उच्चारले गेले पाहिजे. आधी उच्चारले तर ते भाकीत होते, नंतर उच्चारले तर यादी. मॉर्गनचे नाव चेंडूबरोबर येते, कारण चेंडू कुठे जाणार हे तो खेळाडूच्या अंगाने ओळखतो. बेनेट ज्या जागी खेळत होता ती वेल्सची फ्लाय-हाफची जागा वीस वर्षांपूर्वी मॉर्गनची होती. त्यातून प्रत्येक नावागणिक स्वर थोडा वर चढतो, एकदम नव्हे, जिन्याच्या पायऱ्या चढावा तसा. शेवटच्या नावाशी तो पोचतो तेव्हा ट्राय होण्याआधीच ती आपल्या कानांना कळलेली असते. मग एक लांबविलेला उद्गार. मग प्रेक्षकांची गर्जना. आणि त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य. लेखणीच्या थोरातल्या थोर धन्याने ही गोष्ट लिहिली असती तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, अशा अर्थाचे.

माझ्यासारख्या लेखणीवाल्याला हे वाक्य सुखवील असे कुणालाही वाटेल. मला ते खटकले आणि मग त्याने मला विचारात पाडले. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त सांगून ठेवले आहे की, कवीने घडू शकणारे पण अविश्वसनीय असे काही निवडण्यापेक्षा अशक्य पण पटणारे निवडावे. मॉर्गनच्या तोंडून नकळत हाच सिद्धान्त उलट बाजूने निघाला : घडले आहे, म्हणूनच पटण्याची त्याला गरज नाही. लेखकाला विश्वास कमवावा लागतो. साक्षीदाराला फक्त खरे बोलावे लागते. धावते समालोचन हे साक्षीचे वाङ्मय आहे. कथेचा गज घेऊन मी ते मोजायला गेलो आणि 'नुसती नावे' म्हणून हसलो. साक्षीदाराने नावे घ्यायची नाहीत तर काय घ्यायचे?

दोष मात्र सांगितले पाहिजेत. त्या सातांपैकी पुलिन इंग्लिश, बाकीचे सहा वेल्सचे. मॉर्गनचा आनंद तटस्थ नाही आणि तो लपवीतही नाही. जे. पी. आर. विल्यम्सची मानगूट धरून त्याला खेचले गेले तेव्हा तो खेचणाऱ्याचे नाव घेतो, पण त्या दांडगाईची दखल घेत नाही; आनंदाच्या वेगात न्याय मागे राहतो. आणि ज्याला खेळ कळत नाही त्याला त्याच्या बोलण्यातून तो कळणार नाही. चित्र काढून घेतले तर हे समालोचन लंगडे पडते.

इथवरचे माझे मत त्या पहिल्या श्रवणावर उभे होते. त्यानंतर मी मॉर्गनचे चरित्र वाचले आणि एका पेचात सापडलो.

१९७२ साली, जर्मनीत असताना, मॉर्गनला पक्षाघाताचा झटका आला. वय अवघे बेचाळीसच्या आतबाहेर. एक बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ज्या माणसाचा संसार आवाजावर चालत होता त्याला शब्द नव्याने जुळवावे लागले. आणि त्यानंतरच्याच जानेवारीत तो कार्डिफच्या त्या खुर्चीत बसला होता.

फडके-खांडेकर वादाचे पडसाद ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला हा पेच जुनाच आहे. कलाकृती कलावंताच्या आयुष्यापासून अलग काढून पाहावी की नाही? मी नेहमी पहिल्या पक्षाचा. पण हे वाचल्यावर चित्रफीत पुन्हा लावली, तो तीच नावे मला वेगळी ऐकू येऊ लागली. ही काटकसर म्हणजे कलेचा संयम नसून, ज्याला शब्द मोजूनच मिळत होते त्याची गरज असेल काय? असा मोह होतो. तो मी आवरला, आणि का आवरला ते सांगतो. मॉर्गन मुळात बोलघेवडा माणूस. त्या सामन्यातही पुढे तो चांगला भरभरून बोलतो. तेव्हा आजारातून त्याची शैली जन्मली असे म्हणणे म्हणजे करुणेपोटी कलेचे श्रेय रोगाला देणे होय. आजाराने शैली दिली नाही. फार तर इतकेच म्हणता येईल की, एकदा गेलेला शब्द परत मिळालेल्या माणसाच्या तोंडी प्रत्येक नावाला जे वजन येते, ते तिथे आहे. ते वजन मला पहिल्या वेळीही जाणवले होते. त्याचे कारण तेवढे ठाऊक नव्हते. चरित्राने मला नवे काही ऐकविले नाही; ऐकलेले खरे होते याची खात्री पटविली. समीक्षकाने चरित्राकडून इतकेच घ्यावे, असे आज माझे मत आहे.

पुढची कथा विचित्र आहे. ज्या समालोचनाने तो अमर झाला तो त्याचा नित्याचा व्यवसाय नव्हताच. १९७६ ते १९८७ अशी अकरा वर्षे तो बी.बी.सी. दूरचित्रवाणीच्या बाह्यप्रक्षेपण विभागाचा प्रमुख होता. १९८१ मधील युवराज चार्ल्सच्या विवाहाचे प्रक्षेपण याच विभागाचे. म्हणजे ऐन भरात हा माणूस दुसऱ्यांना बोलायला लावीत स्वतः पडद्यामागे बसला. नंतर रेडिओवर 'स्पोर्ट ऑन फोर' या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात तो पुन्हा आवाज होऊन आला, आणि ज्यांनी त्याला खेळताना कधी पाहिले नव्हते अशांच्या न्याहारीच्या मेजावर अकरा वर्षे येऊन बसला. उतारवयात कर्करोगाने त्याचे स्वरयंत्रच काढावे लागले. वाचा दुसऱ्यांदा गेली, ती कायमची. २९ ऑगस्ट २०१३ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

राहिले दादा. चार वर्षांपूर्वी त्यांनाही पक्षाघात झाला, आणि कर्ण्यावरून मैदान गाजविणारा तो आवाज बंद पडला. कित्येक आठवड्यांनी जे पहिले शब्द परत आले, ती नावे होती : वहिनींचे, नातवाचे, आणि मग, आम्हां कुणालाच अपेक्षा नव्हती ती, गावच्या कबड्डीसंघातील जुन्या गड्यांची. क्रियापदे अजूनही नीट येत नाहीत. गेल्या श्रावणात मी त्यांना ती चित्रफीत दाखविली. त्यांना रग्बी कळत नाही, इंग्रजी बोलणेही आता पुरते उमगत नाही. बेनेटच्या हाती चेंडू आला तसा मी उत्साहाने त्यांना नियम समजावून सांगू लागलो. दादांनी चालता हात उचलून मला गप्प बसविले.

मी गप्प बसलो. शेवटचे नाव आले, झेप पडली, गर्जना झाली. दादांनी बोटाने खूण केली : पुन्हा लाव.